आईच्या थडग्यावरची अस्वलकणसं

स्पाइसवुड कोव्ह, नॉर्थ कॅरोलिना
सोमवार, २२ एप्रिल १९६३

प्रिय इडेला,

तुझं ईस्टरचं कार्ड मिळालं. ससा गोजिरवाणा आहे. पण नुसता ससा पाठवलास, चार ओळी खरडायला हात मोडले होते का गं? मिशिगनमध्ये शाई महाग झाली असेल तर इथून पाठवते.

आता कामाचं. बसली नसशील तर बस. आईच्या थडग्यावर अस्वलकणसं उगवलीत!

एक-दोन नाही, चांगली अकरा. काल प्रार्थना झाल्यावर मी दफनभूमीत गेले. सजावटीचा रविवार महिन्यावर आला, सगळी थडगी खरवडून फुलं मांडायची, म्हटलं आतापासून कुदळ फिरवायला लागावं. बघते तर काय, आईच्या मातीच्या उंचवट्यावर ती पिवळट, खवल्याखवल्यांची कणसं ओळीने उभी, जशी काही बाजारात विकायला मांडलीत. ना पान, ना हिरवा ठिपका. तुला माहीत आहे, आपल्याकडे थडग्यावर गवताची काडी दिसली तरी बायका आठवडाभर चघळतात. आणि इथे अकरा कणसं! व्हर्डी ट्रँथमने बघितलं, तोंडावर हात ठेवला आणि सरळ धावत सुटली. तिला धावताना मी तीस वर्षांत बघितलं नव्हतं.

अस्वलकणीस काय मला नवीन नाही. वरच्या डोंगरात ओकांखाली दर वसंतात असतंच. पण दफनभूमीत आजवर एकसुद्धा नव्हतं. ते चालत आलं का?

आणि आता तिच्या नवऱ्याचं, हार्लिस ट्रँथमचं ऐक. यंदा तो दफनभूमीचा प्रमुख आहे, आणि हिवाळ्यात त्याने मोटरची करवत घेतलीय. तेव्हापासून त्याच्या हाताला खाज सुटलीय. स्वतःचं सफरचंदाचं झाड कापलं, सासऱ्याचा अक्रोड कापला, चर्चसमोरचा घोडे बांधायचा खांबसुद्धा कापला. म्हणे आता घोडे येतात कुठे. आता त्याची नजर आईच्या थडग्याजवळच्या आपल्या मोठ्या ओकावर आहे. फेब्रुवारीत एक वाळकी फांदी पडली आणि त्याच्या तान्ह्या मुलीच्या थडग्यावरच्या दगडी कोकराचा कान तुटला, हे निमित्त. आणि आता ही कणसं. सगळीकडे सांगत सुटलाय, "ही मुळं पिऊन जगणारी कीड आहे. ओक आतून पोखरलाय, उद्या सगळ्यांच्या आईबापांवर आडवा होईल."

सजावटीच्या रविवारी, १९ मेला, जेवणानंतर हात वर करून मत घेणार आहेत. ज्याचं माणूस तिथे पुरलंय त्याला मत, पण स्वतः हजर पाहिजे. मी मोजलं, अर्धे हार्लिसकडे, अर्धे आपल्याकडे. तू ये. आईने तो ओक स्वतः निवडला होता हे तुला सांगायला नको. "मला सावलीत ठेवा, जन्मभर उन्हात राबले," असं म्हणाली होती.

आणि हो, या खेपेला फुलं घेऊन ये. गेल्या वेळी आईच्या मातीला सगळ्या गावाने फुलं आणली, आणि सख्खी धाकटी लेक रिकाम्या हाताने आली. चार वर्षं झाली, मी अजून कुणाच्या नजरेला नजर देत नाही.

तुझी ताई,
ऑर्लीना

ता. क. कणसं मी अजून उपटलेली नाहीत. कुदळ उगारली होती, पण का कोण जाणे, हातच खाली येईना.

*

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
२९ एप्रिल

लाडक्या ताई,

उपटू नकोस! उपटू नकोस! उपटू नकोस! कुदळ कोठारात टाक, कुलूप लाव आणि किल्ली गिळून टाक.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात अशी काही किंचाळले, की क्लीट अर्धी दाढी करून धावत आला. म्हणाला, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी गेलं नाही, आलंय." त्याला काही कळलं नाही. त्याला समजावत बसले तर माझी बस चुकली असती.

मी ज्या कॉलेजात झाडलोट करते ना, तिथे वनस्पतींचे एक म्हातारे सर आहेत, डॉक्टर व्हेनेमा. सहा वर्षांत माझ्याशी फक्त दोन वाक्यं बोललेत, दोन्ही केराच्या टोपलीबद्दल. मी फडकं हातात घेऊनच आत गेले आणि विचारलं, "सर, अस्वलकणीस ओकाला मारतं का?" ताई, ते खुर्चीतून उठलेच! मला बसवलं, स्वतःच्या थर्मासमधली कॉफी दिली आणि दीड तास बोलले. फडक्यातलं पाणी त्यांच्या गालिच्यावर ठिबकत होतं, त्यांना पत्ताच नाही.

तर ऐक आणि हार्लिसला ऐकव. अस्वलकणीस स्वतः अन्न करतच नाही, म्हणून हिरवं नाही. त्याचं बी धुळीएवढं, ते ओकाच्या बारीक मुळाशेजारी पडलं तरच जागं होतं, एरवी नाही. मुळाला चिकटतं, तिथे लाकडासारखी एक गाठ होते, आणि ती गाठ जमिनीखाली गुपचूप ओकाचा रस पीत वाढत राहते. वर्षानुवर्षं वर काहीच दिसत नाही! मग एका वसंतात एकदम कणसं वर. पुढे काही वर्षं दर वसंतात येतात, फुलतात, भुंगे येतात, हरणं खातात, आणि अस्वलं तर हिवाळ्याच्या झोपेतून उठली की त्यावरच तुटून पडतात. त्यांच्या विष्ठेतून बी पुढच्या ओकाखाली जातं. आणि एवढ्या मोठ्या ओकाला त्याचं काही म्हणजे काही होत नाही. सर म्हणाले, "हत्तीच्या अंगावर चिमणी बसली, एवढंच."

त्यांनी मला विचारलं, हे बी थडग्यात पडलं कधी. मी म्हटलं, मला काय माहीत. बी काय, वाऱ्यानेही येत असेल. हो ना? वाऱ्यानेच आलं असेल.

यायचं अजून ठरत नाहीये. क्लीटचा गुडघा पुन्हा धरलाय.

तुझी,
इडेला

ता. क. फुलांबद्दल तू जे लिहितेस ते दर पत्रात लिहितेस. माझ्या लक्षात आहे, ताई.

*

स्पाइसवुड कोव्ह
सोमवार, ६ मे

इडेला,

वारा! वाऱ्याने येतं म्हणे! वारा काय फक्त आईचंच थडगं शोधत आला? शेजारी आजोबा आहेत, पलीकडे मेहॅफींची अख्खी रांग आहे, तिथे एक कणीस नाही. तुझे सर शिकलेले असतील, पण तुझं डोकं कुठे गेलं?

तुझ्या पत्राने मात्र माझे डोळे उघडले. बी मुळाशेजारी पडावं लागतं ना? म्हणजे कुणीतरी मुद्दाम टाकलं. आणि ओक रोगी आहे असं दाखवण्यात फायदा कुणाचा? हार्लिसचा! त्यानेच आणून लावलं. दोन आणि दोन चार.

गेल्या आठवड्यात मी रोज दुपारी शिवणकाम घेऊन ओकाखाली बसले, पहाऱ्याला. हार्लिस तीनदा आला. एकदा करवत दाखवायला, एकदा करवतीला तेल घालायला, आणि एकदा म्हणे सहजच. सहज! तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "ऑर्लीना, तू इथे का बसतेस?" मी म्हटलं, "ज्याच्या मनात चोर आहे त्याला कळेल." तो लाल झाला. निरपराध माणूस लाल होतो का?

मी ही गोष्ट फक्त तिघींना सांगितली, तीही शपथ घालून. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कोव्हला माहीत! व्हर्डी आता माझ्याशी बोलत नाही. पाद्री कॉगडिल घरी आले, माझी चार बिस्किटं खाल्ली आणि म्हणाले, "ऑर्लीनाबाई, आरोप असेल तर सगळ्यांसमोर मांडा, नाहीतर सोडून द्या." मी म्हटलं, मांडते. सजावटीच्या रविवारी, मत घ्यायच्या आधी, सगळ्यांसमोर उभी राहून हार्लिसचं नाव घेणार आहे. चर्चमधून नाव कापलं जाईल त्याचं. मेलेल्या बाईच्या अंगावर लबाडी पेरतो म्हणजे काय!

हार्लिसही निरोप पाठवतो, "आरोप सिद्ध झाला नाही, तर ऑर्लीनाने चर्च सोडावं." जाऊ दे. मी काय घाबरते?

तू येतेस की नाही ते एका शब्दात कळव. आणि क्लीटच्या गुडघ्याला हंसाची चरबी चोळ.

ऑर्लीना

ता. क. भुंगे खरंच येतात. मोठे, ढेरपोटे. आई त्यांना काय म्हणायची गं? पाद्रीच म्हणायची ना?

*

अ‍ॅन आर्बर
सोमवार, १३ मे

ताई, ताई, माझी गुणाची ताई,

हार्लिसचं नाव घेऊ नकोस! देवाशप्पथ घेऊ नकोस! मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. हे चौथं. क्लीट दारात उभा आहे, म्हणतो, "आता हे तू टाकलं नाहीस तर मीच लंगडत जाऊन टाकतो." गुडघा त्याचा खरंच दुखतोय, पण न येण्याचं कारण तो नाही. कारण मी आहे. माझी तुझ्यासमोर यायची छाती नाही.

ते बी मी टाकलं.

मी रिकाम्या हाताने निघाले नव्हते, ताई. डझनभर पांढरे कार्नेशन घेतले होते, ओल्या कागदात गुंडाळून. सिनसिनाटीला बसमध्ये एक माणूस चढला, वजन दोनशे ऐंशी पौंड असेल, आणि तो नेमका त्यांच्यावर बसला. नॉक्सव्हिलपर्यंत झोपला! मी त्याला हलवलं, तर म्हणाला, "बाई, तुमची सीट ओली आहे." उतरले तेव्हा हातात नुसता लगदा होता. फाट्यावरून चालत वर येताना मला रडू आवरेना. ऑगस्ट महिना, वाटेवरच्या दाट सावलीत एक फूल नाही. तेवढ्यात जुन्या लाकूडवाटेवरच्या ओकांखाली वाळलेली अस्वलकणसं दिसली. काळी पडलेली, हात लावला की भुगा.

आई मला काय म्हणायची आठवतंय? मी सात वर्षांची होईतो तिच्या परकराला चिकटून असायचे. तू म्हणायचीस, "आई, ढकल तिला, तुझा जीव पिते ती." आणि आई हसायची, "असू दे. माझं अस्वलकणीस आहे ते. ओकाला विचार जा, जड होतंय का."

म्हणून मी मूठभर भुगा घेतला. सगळ्यांनी फुलं टाकली, मग मातीची मूठ टाकायची वेळ आली. मी टाकली ती माती नव्हती. तुला वाटलं माती आहे. मलाच लाज वाटली, ताई. लोकांच्या ग्लॅडिओलाच्या शेजारी माझा काळा भुगा! सांगणार कुणाला? नंतर तू म्हणालीस "रिकाम्या हाताने आलीस," तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा राग आला, मग उशीर झाला, मग फारच उशीर झाला.

आज सरांना सगळं सांगितलं. ताई, सत्तरीचा माणूस टेबलाभोवती नाचला! बी पडल्याची नक्की तारीख आणि कणीस वर आल्याचं नक्की वर्ष, दोन्ही माहीत असणारं त्यांना आजवर कुणी भेटलं नव्हतं. "तारीख! तारीख सांगा!" म्हणून माझा झाडू धरून उभे राहिले. मी सांगितलं, शनिवार, बावीस ऑगस्ट एकोणीसशे एकोणसाठ. त्यांनी ते पाटीवर लिहिलं आणि खाली माझं नाव! मी ती पाटी पुसायची की नाही तेच कळेना. मुळासकट एक गाठ खणून पाठवा म्हणत होते. मी म्हटलं, सर, माझी ताई तुम्हाला त्याच खड्ड्यात घालेल.

हे पत्र शनिवारपर्यंत पोचेल. तू हे सगळ्यांना वाचून दाखव. लाज गेली तर माझी जाऊ दे, ओक राहू दे.

तुझी,
इडेला

*

स्पाइसवुड कोव्ह
मंगळवार, २१ मे

अगं माझे वेडे इडेला,

दोन दिवस झाले, अजून हसून माझ्या बरगड्या दुखतात. सगळं क्रमाने सांगते, मध्ये बोलू नकोस.

तुझं पत्र शनिवारीच आलं. पण मी थरांचा केक रचत होते, सातव्या थरावर होते, हात सफरचंदाच्या गराने बरबटलेले. त्यात तुझ्यावर राग. म्हटलं, "येता येत नाही" एवढंच असणार, उद्या वाचू. ॲप्रनच्या खिशात कोंबलं आणि विसरले. विसरले, इडेला!

रविवारी झाडून सगळे आले. थडगी खरवडून आरशासारखी केलेली, प्रत्येकावर कागदी फुलं. आणि आईच्या थडग्यावर तुझी अकरा कणसं, कारण मी कुणाला हात लावू दिला नाही. लांब टेबलं मांडली, कोंबडी, भरली अंडी, बीन्स, रानलसूण घातलेले बटाटे. जेवणं झाली. हार्लिस करवत घेऊन ओकाच्या बुंध्याशी उभा राहिला, जसा काही फोटोच काढायचाय. पाद्री म्हणाले, "मताआधी ऑर्लीनाबाईंना काही बोलायचंय."

मी उठले. घसा खाकरला. म्हटलं, "हार्लिस ट्रँथम," आणि बोट दाखवलं.

सगळ्यांनी बोटाकडे बघितलं, आणि सगळे किंचाळले. मला वाटलं, बाई, माझ्या बोटात एवढी ताकद! मागे वळून बघते तर कुंपणावरून अस्वलीण आत येत होती, मागे दोन पिल्लं.

मग जी काही पळापळ झाली! बायका लेकरं घेऊन ट्रकच्या हौद्यात. पाद्री कॉगडिल भरल्या अंड्यांची थाळी घेऊनच चर्चमध्ये शिरले, आणि दार आतून लावलं. आम्हाला बाहेर ठेवून! मला कुणी उचललं माहीत आहे? व्हर्डीने. दोन आठवड्यांचा अबोला विसरून माझ्या कंबरेला धरलं आणि पिठाच्या पोत्यासारखी ट्रकमध्ये फेकली. आणि हार्लिसने करवत टाकली आणि जो ओक तोडायला आला होता त्याच ओकावर सरसर चढला. एकसष्ट वर्षांचा माणूस!

अस्वलिणीने कोंबडीकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ आईकडे गेली. बसली, आणि एकेक कणीस मोडून खाऊ लागली, सावकाश, जशी काही पाहुणीच बोलावलीय. पिल्लं आजोबांवर कोलांट्या मारत होती. ट्रकमध्ये आम्ही चौदा जणी, श्वास रोखून. मला शिंक आली, तशी रुमालासाठी खिशात हात घातला आणि तुझं पत्र हाती आलं.

दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच. उघडलं आणि वाचलं. आधी मनात वाचलं. मग व्हर्डी म्हणाली, "काय गं, पांढरी का पडलीस?" मग मी मोठ्याने वाचलं, आधी हळू, मग अस्वलिणीला काही फरक पडत नाही असं दिसल्यावर आणखी मोठ्याने. तो बसमधला माणूस, कार्नेशनचा लगदा, सगळं. बायका हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "ओकाला विचार जा" इथे आले तेव्हा मी कागद व्हर्डीच्या हातात दिला, इडेला. पुढचं व्हर्डीने वाचलं.

वाचून झालं तेव्हा अस्वलीण चार कणसं संपवून पोरांना घेऊन निघून गेली होती. कुणी खाली उतरेना. मग मी ट्रकमध्येच उभी राहिले आणि म्हटलं, "हार्लिस, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. सगळ्यांसमोर माफी मागते." मी म्हटलं, "आणि आता ओकाचं मत घेऊ या. तोडायचा?" तेव्हा फांदीवरून आवाज आला, "आत्ता कुणी करवतीला हात लावला तर बघा!"

एकाचाही हात वर गेला नाही. खरं सांगायचं तर बहुतेकांचे हात ट्रकला घट्ट धरलेले होते, पण पाद्री बाहेर आल्यावर त्यांनी ते मत म्हणूनच लिहून घेतलं.

हार्लिसला उतरवायला शिडी लागली. खाली आला आणि हसायच्या ऐवजी रडायलाच लागला. म्हणाला, "मला झाड नको होतं असं नाही, ऑर्लीना. ती फांदी माझ्या पोरीवर पडली. मला दुसरी पडू द्यायची नव्हती." मी महिनाभर त्याच्या करवतीची टिंगल केली, त्या कोकराच्या कानाचा एकदाही विचार केला नाही. मी त्याला केकचा सगळ्यात मोठा तुकडा दिला. काल तो आणि मी मिळून सगळ्या वाळक्या फांद्या मोजल्या. तीन आहेत. तो तेवढ्याच कापणार, आणि मी खाली शिडी धरणार. त्याच्या करवतीचंही पोट भरेल.

तुझ्या सरांना सांग, उरलेल्या सात कणसांना मी कुंपण घातलंय. खणू देणार नाही, पण त्यांना हवं तर येऊन बघोत, जेवायला घालीन. आणि जुलैत बी धरल्यावर अस्वलीण परत आली, तर पुढची कणसं कुणावर उगवतील याच्या इथे आत्तापासून पैजा लागल्यात. हार्लिसला आपल्या पोरीजवळ हवीत. तसं त्याने मला कानात सांगितलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एकटी आईपाशी बसले. गावाने आणलेली सगळी फुलं चार वर्षांपूर्वी आठवड्याभरात वाळून गेली होती, मीच झाडून टाकली. तुझी तेवढी राहिली. मातीखाली, कुणाला न सांगता, आईच्या ओकाला धरून. आणि मी दर पत्रात तुला टोचत राहिले. माझी चूक झाली, इडेला. मोठी चूक झाली.

ऑगस्टमध्ये ये. क्लीटलाही आण, गुडघ्यासकट. सिनसिनाटीचा तो माणूस भेटला तर त्यालाही आण, मला त्याचे आभार मानायचेत.

आणि येताना काही आणू नकोस. रिकाम्या हातानेच ये.

तुझी ताई,
ऑर्लीना